दोन गुंठे, आठ लूम: सोलापूरच्या एका शेडची केस

मामाचं शेड मी टेप लावून मोजलं ते डिसेंबर २०२१ मधे. ३३ फूट बाय ६६ फूट, म्हणजे बरोब्बर दोन गुंठे. पुढं पत्र्याचं शेड, त्यात लूम म्हणजे यंत्रमाग, मागं दोन खोल्या, वर एक खोली, आणि जिन्याखाली मामीचं कांडी मशीन, लूमसाठी सूत कांडीवर गुंडाळायचं. गुंठ्यागुंठ्यानं विनापरवाना विकलेले प्लॉट नियमित करणाऱ्या गुंठेवारी कायद्याची मुदत त्या वर्षी वाढवून मिळाली होती, ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करून घेता येणार होती, म्हणून नकाशा काढायचा होता आणि घरात प्लॅनिंग शिकलेला मी एकटाच. नकाशात प्रत्येक जागेला नाव द्यावं लागतं. बेडरूम लिहिलं, किचन लिहिलं, आणि पुढच्या त्या मोठ्या जागेवर येऊन पेन थांबला. मामा म्हणाला, "हॉल लिही." मी त्याच्याकडं बघितलं, तो गंमत करत नव्हता. लूम लिहिलं तर रहिवासी झोनमधे कारखाना म्हणून फाईल अडकणार, आणि हॉल लिहिलं तर ज्याच्यावर हे घर सत्तावीस वर्षं जगलं ते कागदावर नाहीच.

तेव्हापासून ही केस नीट लिहून काढायची होती. जागतिकीकरणानं शहरं कशी बदलली यावर आपण जे वाचतो ते बहुतेक मुंबई, बंगळूर, फार तर पुण्याबद्दल असतं, टॉवर, आयटी पार्क, मॉल वगैरे. सोलापूरचा विषय निघाला की एवढंच म्हणतात की मिल बंद पडल्या आणि पोरं पुण्याला गेली. ते खरंय पण अर्धं. मला या एका शेडच्या निमित्तानं जे दिसलं ते असं की बाहेरच्या बाजाराचा फायदा असो का फटका, शहरात तो जमिनीच्या कागदांवरून वाट काढत जातो, ज्याच्याकडं बिगरशेती झालेला मंजूर प्लॉट आहे त्याच्यापर्यंत तो वेगळ्या रूपात पोचतो आणि ज्याच्याकडं शंभर रुपयांचा स्टॅम्प पेपर आहे त्याच्यापर्यंत वेगळ्या. नावं आणि नेमका पत्ता देत नाही, अक्कलकोट रोडच्या आतल्या बाजूची, हद्दवाढ भागातली गल्ली समजा.

आधी मागचं थोडं

सोलापूरचं पोट बाहेरच्या बाजाराला बांधलं गेलं ते काही १९९१ ला नाही. रेल्वे इथं १८६० ला आली, लगेच १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव, आणि युद्ध संपल्यावर १८६५ ला मुंबईत शेअर बाजार धाडकन कोसळला. मग १८७६-७७ चा मोठा दुष्काळ, खेड्यातली माणसं कामासाठी शहराच्या वेशीवर, आणि त्याच १८७७ मधे मुरारजी गोकुळदासांची सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनी उभी राहिली. तीच आपली जुनी मिल, आणि मुरारजी पेठ हे नावही त्यांच्यावरूनच. त्यानंतर लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू, जाम मिल, सगळ्या साधारण शहराच्या पश्चिमेला, स्टेशन आणि रेल्वे लाईनच्या अंगानं, कारण कापूस, कोळसा आणि माल रेल्वेनंच ये-जा करायचा. मिलच्या बाजूला चाळी, आणि सगळ्या भागाचं घड्याळ म्हणजे भोंगा.

जुन्या मिलचा एक किस्सा सांगायलाच हवा कारण तो देशभर वकिलीच्या पोरांना शिकवतात पण सोलापुरात फार कमी जणांना माहितीये. १९४९ ला मिल बंद पडली, हजारो कामगार रस्त्यावर, तेव्हा केंद्र सरकारनं जानेवारी १९५० मधे वटहुकूम काढून मिलचा कारभार ताब्यात घेतला, नंतर त्याचा कायदा झाला. एका शेअरहोल्डरनं सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं, चिरंजितलाल चौधरी केस, तो डिसेंबर १९५० मधे हरला. पण पुढं द्वारकादास श्रीनिवास केसमधे डिसेंबर १९५३ मधे कोर्टानं उलट निकाल दिला, की भरपाई न देता मालमत्ता अशी घेता येणार नाही. म्हणजे काम वाचवायचं का मालमत्ता वाचवायची हा प्रश्न नव्या राज्यघटनेपुढं अगदी सुरुवातीलाच गेला आणि तो आपल्या मुरारजी पेठेतून गेला. मिल साठच्या दशकात कायमची बंद झाली. आज त्या कंपाउंडमधे उमा नगरी आहे, घरं आहेत.

माझे आजोबा (आईचे वडील) दुसऱ्या एका मिलमधे साळ खात्यात, म्हणजे विणकामाला होते. ती मिल नव्वदच्या दशकात बंद पडली. थकलेली देणी किती वर्षांनी आणि किती मिळाली हे घरात अजून कुणी मोठ्यानं बोलत नाही म्हणून इथंही लिहीत नाही. फक्त एक सांगतो, भोंगा बंद झाल्यावरही आजोबा कित्येक महिने पहिल्या पाळीच्या वेळेला उठून चाळीच्या कट्ट्यावर बसायचे असं आई सांगते.

इथं मुंबईशी तुलना करून बघा. मुंबईत १९८२ च्या संपानंतर मिल पडल्या, १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला, मिलच्या जमिनीचे तीन वाटे: एक मोकळ्या जागेला, एक घरांना, एक मालकाला. २००१ ला तो नियम असा बदलला की वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची, बांधलेल्या शेडखालची जमीन त्यातून बाहेर, आणि २००६ ला सुप्रीम कोर्टानं ते मान्य केलं. मधेच २००५ ला मुंबई टेक्स्टाइल मिलची १७ एकर जागा ७०२ कोटीला गेली. म्हणजे तिथं कापड मेलं तरी जमीन जिवंत झाली, जगभरातला पैसा त्या जमिनीवर उतरला, कामगाराला त्यातलं किती मिळालं हा वेगळा आणि वाईट विषय. सोलापुरात कापड मेलं आणि जमीनही वर्षानुवर्षं तशीच पडून राहिली, कारण तिच्यावर टॉवर बांधायला कुणी धावत येणार नव्हतं. नंतर हळूहळू प्लॉटिंग, फ्लॅट, मंगल कार्यालयं. जाम मिलच्या कंपनीचं तर आज नावच जामश्री रिअल्टी आहे. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीनं नावातलं स्पिनिंग विव्हिंग काढून रिअल्टी घातलं, यात सगळा इतिहास आला.

प्लॉट कसा घेतला

१९८५ च्या कापड धोरणानं मिल आणि यंत्रमाग असा भेद बराचसा काढून टाकला होता, मिलपेक्षा यंत्रमाग स्वस्त पडतो हे सगळ्यांना कळलं होतं. कामगार कायदे नकोत, भोंगा नको, युनियन नको, चार लूम टाकले की कारखाना. सोलापुरात साखर पेठ, भद्रावती पेठ, दत्त नगर, अशोक चौक हा सगळा पूर्व भाग आधीपासून विणकरांचा, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली लोकांचा, घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि लूमवर दोन्ही. म्हणजे मिल पश्चिमेला बंद होत गेल्या आणि काम पूर्वेला सरकत गेलं. मामाही त्याच्याबरोबर सरकला.

मे १९९२ मधे हद्दवाढ झाली, आजूबाजूची गावं महापालिकेत आली, शहर एकदम १७८ चौरस किलोमीटरच्या पुढं गेलं. हे १९९१ च्या आर्थिक संकटानंतर वर्षभरात झालं हा योगायोग असेल, पण परिणाम एकत्र आले. देशाचं सोनं गहाण टाकलं, रुपयाचं अवमूल्यन झालं, सरकारी खर्चाला कात्री लागली, आणि त्याच काळात महापालिकेच्या अंगावर नवा पसारा पडला जिथं ना ड्रेनेज ना पाईपलाईन. शहरात हजारो बेकार गिरणी कामगार, शेजारी शेतजमीन, आणि एन.ए. (बिगरशेती) ले-आउटला लागणारा पैसा ना शेतकऱ्याकडं ना घेणाऱ्याकडं. मग गुंठा गुंठा विकायला सुरुवात झाली. मामानं १९९४ ला दोन गुंठे घेतले, स्टॅम्प पेपरवर, सातबारावर नाव नाही. मिलमधनं निघालेले जुने चार लूम घेतले, १९९९ पर्यंत आठ झाले. मयूरपंखाची चादर विणायचा. घर आणि कारखाना एकाच छताखाली, मामी कांडी भरायची, शेजारी राहणारी मावशी दुपारी कांडीला यायची आणि उरलेल्या वेळात विड्या वळायची.

लोक म्हणतात ही अनियोजित वाढ. मी हे शिकलोय म्हणून सांगतो, त्या गल्लीत नियोजन होतं, फक्त ते नियोजन विभागाचं नव्हतं. रस्ता वीस फुटांचा सोडला कारण बीम (ताण्याच्या सुताचा मोठा रूळ) घेऊन टेम्पो वळला पाहिजे. शेडची दारं एकाच बाजूला, कारण समोरच्याच्या घरात आवाज कमी जावा. बोअर तिघांत एक.

न मिळालेलं कर्ज

केसचा मुख्य भाग हा आहे, आणि तो फार साधा आहे.

१ एप्रिल १९९९ ला केंद्राची टेक्नॉलॉजी अपग्रेडेशन फंड स्कीम सुरू झाली, सगळे टफ म्हणतात ती. नवीन मशीन घ्या, बँकेचं टर्म लोन घ्या, व्याजातले पाच टक्के सरकार देईल. कारण २००४ च्या शेवटी जगातले कापडाच्या आयातीवरचे कोटे उठणार होते, १ जानेवारी २००५ पासून अमेरिका युरोपचा बाजार उघडा, त्याच्या आत भारतातले माग सुधारले पाहिजेत. कल्पना चांगलीच होती. पण अनुदान बँकेच्या कर्जातून येणार, कर्जाला तारण पाहिजे, तारणाला मंजूर नकाशा पाहिजे, आणि मामाकडं स्टॅम्प पेपर. २००३ मधे तो एका बँकेत तीन वेळा गेला. चादरीला मागणी कमी होत चाललेली त्याला दिसत होती, टर्किश टॉवेल बाहेर जात होता, त्याला दोन रॅपिअर लूम, म्हणजे बिनधोट्याचे नव्या पद्धतीचे माग, घ्यायचे होते. तिसऱ्या वेळी मॅनेजरनं चांगल्या शब्दात सांगितलं की धंदा तुमचा बरोबर आहे पण जागा कुठंय. मामा म्हणाला, जागा हाय की साहेब, येऊन बघा. ते म्हणाले, कागदावर.

त्याच वर्षांत ज्यांचे अक्कलकोट रोड एमआयडीसीत प्लॉट होते त्यांना कर्ज मिळालं. मी त्यांच्याबद्दल वाईट बोलत नाही, त्यातल्या अनेकांनी फार कष्टानं धंदा उभा केला. पण फरक हुशारीचा नव्हता, प्लॉटचा होता. एमआयडीसीत भाडेपट्टा असतो, नकाशा असतो, वीज कनेक्शन औद्योगिक असतं, म्हणून तिथं नवीन मशीन आली, एक्सपोर्टची ऑर्डर आली, आणि जास्तीचं काम गल्लीत जॉबवर्कला आलं. मामा कारखानदार होता, २००५ नंतर तो जॉबवर्कवाला झाला. सूत त्यांचं, डिझाइन त्यांचं, भाव त्यांचा, लूम आणि वीजबिल मामाचं.

सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेलला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेही याच सुमाराला. त्याचा अभिमान सगळ्यांना आहे, मलाही आहे. पण पानिपतहून येणारा नकली माल "सोलापुरी" म्हणूनच विकला जात राहिला, आणि वरून पॉलिस्टरचं मिंक ब्लँकेट आलं, मऊ, रंगीत, हलकं. लग्नात आहेर म्हणून चादर द्यायची ती जागा ब्लँकेटनं घेतली.

मग २००८. हे नीट सांगतो कारण संकट गल्लीत कुठल्या क्रमानं पोचतं ते यात दिसतं. पहिला धक्का अमेरिकेतली लेहमन बँक बुडायच्या आधीच बसला होता, २००८ च्या जानेवारीत डॉलर ३९ रुपयांपर्यंत खाली आला होता, एक्सपोर्टरचं मार्जिन गेलं आणि त्यानं जॉबचा दर उतरवला. सप्टेंबरात लेहमन बुडाली, डॉलर पुढच्या मार्चपर्यंत ५१ च्या आसपास चढला, कागदावर एक्सपोर्टरला सुगी, पण ऑर्डरच नाही. ऑर्डर आटली की एमआयडीसीतला माणूस आधी स्वतःची मशीन चालवणार, त्याच्या डोक्यावर बँकेचा हप्ता आहे, त्यानं बाहेर दिलेलं काम पहिल्यांदा बंद होणार. म्हणजे कर्ज न मिळालेल्या माणसाचं काम आधी थांबलं. दिवाळीनंतर आठातले चार लूम उभे, फेब्रुवारीत त्यातले दोन किलोच्या भावानं भंगारात गेले. मी तेव्हा बारावीला होतो. लूम तोडताना घणाचा आवाज येतो तो लूमच्या ठोक्यासारखाच असतो, फक्त मधे मधे थांबतो.

त्या काळात केंद्रानं मंदीवर उपाय म्हणून स्टिम्युलस दिलं, त्यात शहरांना बस घ्यायला पैसे सुद्धा होते. बँकांना सांगितलं उद्योगाला कर्ज द्या. पण गल्लीतला उद्योग हा उद्योग म्हणून नोंदच नव्हता तर पॅकेज पोचणार कुणाकडं.

पुढचं भराभर सांगतो. २०११ च्या मार्चमधे जगात कापूस पौंडाला दोन डॉलरच्या वर गेला, सुताचा भाव आज एक उद्या एक. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी, इथं सगळा पगार आठवड्याचा आणि रोख, दोन आठवडे गल्ली सुन्न. १ जुलै २०१७ ला जीएसटी. २५ मार्च २०२० ला लॉकडाऊन, लूम थांबले आणि गल्लीत राहणारे काही कामगार तेलंगणात गावी निघून गेले, सगळे परत आले नाहीत. प्रत्येक वेळी मोठ्यानं धक्का लहानावर ढकलला, लहान त्याच्याहून लहानावर, शेवटी तो जिन्याखालच्या कांडी मशीनपर्यंत येऊन थांबायचा, कारण त्याच्या खाली कुणी नव्हतं.

गल्ली बदलली कशी

२००१ च्या जनगणनेत सोलापूर शहर ८,७२,४७८, २०११ ला ९,५१,५५८, दहा वर्षांत साधारण ९ टक्के वाढ. त्याच दहा वर्षांत पुणे मनपा क्षेत्र २३ टक्क्यांनी वाढलं. त्या फरकात माझा मामेभाऊ आहे, मी पण आहे. तो २०१२ ला गेला, आयटी कंपनीत टेस्टिंगला. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस म्हणजे आमच्यासाठी मिलच्या भोंग्यासारखीच झाली, सोमवारची तर विचारूच नका.

पण त्याच्यासारख्यांचा पैसा गल्लीत परत आला, आणि तिथून गल्लीचा रंग बदलायला लागला. पोरानं पुण्यातनं पैसे पाठवले, बापानं शेड पाडून घर बांधलं, दोन मजली, पुढं ग्रिल, वर पाण्याच्या मोठाल्या दोन टाक्या कारण नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. नवीन घरात राहायला आलेल्या भाडेकरूंना लूमचा आवाज सहन होईना. २०१८ ला मामाच्या विरोधात पहिली तक्रार गेली, आवाजाची. तक्रार करणाऱ्याचं पण चुकीचं नाही, त्याच्या पोरीची दहावी होती. पण ज्या आवाजावर गल्ली वसली तोच आवाज आता बेकायदा ठरला, आणि विकास आराखड्याच्या नकाशात तर ती गल्ली पिवळीच, रहिवासी, जांभळा रंग म्हणजे औद्योगिक तो रस्त्याच्या पलीकडं. नकाशावर मामाचा कारखाना कधीच नव्हता, घरं वाढल्यावर गल्ली नकाशासारखी दिसायला लागली इतकंच. २०१९ ला त्यानं शेडचा पुढचा भाग एका व्यापाऱ्याला गोडाऊन म्हणून भाड्यानं दिला. त्यात ब्लँकेटच्या गाठी असतात, पॉलिस्टरच्या.

महापालिकेला दोष देताना मला एक गोष्ट विसरता येत नाही. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली, ऑगस्ट २०१५ पासून तीही बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाली, २०१७ नंतर तर महापालिका राज्याच्या अनुदानाकडं डोळे लावून. स्वतःचं उत्पन्न आटलेली संस्था स्कीम जिथं पैसे देते तिथं काम करते. जानेवारी २०१६ ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत सोलापूर आलं, सगळ्यांना आनंद झाला होता, मी पेढे खाल्लेत. पण पैसा मुख्यतः मध्यवर्ती भागाला, रंगभवन, पार्क स्टेडियम, तलावाचा परिसर. ते छान झालंय, आम्ही सुट्टीत पोरांना घेऊन जातो. पूर्व भागातल्या लूमच्या गल्लीत वायरिंग, फायर लाईन, पाण्याचा निचरा, यासाठी त्या योजनेच्या भाषेत शब्दच नव्हता.

मावशीचं घर

मावशीला रे नगरमधे घर मिळालं. कुंभारीला याआधी २००६ च्या सुमाराला विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली होती, त्यासाठी माजी आमदार नरसय्या आडम आणि त्यांच्या युनियननं किती वर्षं लढा दिला हे सोलापुरात सगळ्यांना माहितीये. त्यानंतर रे नगर, तीस हजार घरांची योजना, असंघटित कामगारांसाठी, भूमिपूजन ९ जानेवारी २०१९, आणि पहिली पंधरा हजार घरं १९ जानेवारी २०२४ ला दिली, दोन्ही वेळा पंतप्रधान आले होते. केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, बाकी लाभार्थी. बाईच्या नावावर घर. मावशीच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी आहे आणि ते पक्कं घर आहे, याची किंमत मी कमी करणार नाही. दारावर तिनं स्वतःच्या नावाची पाटी लावलीये.

पण ती दुसऱ्या मजल्यावर राहते. विडी तिथं वळता येते, पानं आणि तंबाखू पिशवीत येतात. कांडी येत नाही, कांडी लूमच्या शेजारीच लागते. म्हणून ती आठवड्यातले चार दिवस शेअर रिक्षानं जुन्या गल्लीत येते, दिवसाच्या मजुरीतला मोठा भाग रिक्षाला. मी विचारलं परवडतं का, तर म्हणाली, "घर चांगलंय रे, वारं बी येतंय. पण घरात बसून घर खाता येत नाही." योजना करणाऱ्यांनी घरं मोजली, आणि ते मोजणंसुद्धा किती वर्षांच्या लढ्यानंतर झालं. तीस हजार घरांत राहणारे हात कुठल्या कामाचे आहेत आणि ते काम कुंभारीत कुठं बसेल हे मोजलं असतं, तळमजल्यावर सामायिक शेड दिलं असतं, दर काही बिल्डिंगमागं एक कांडी-लूम-शिलाईची जागा वीज मीटरसकट, तर मावशीचा रिक्षाचा पैसा वाचला असता. यात अवघड काही नाही. जमीन एकत्र होती, नकाशा कोरा होता. पण घराची स्कीम एका खात्याची, यंत्रमागाची दुसऱ्या खात्याची.

आणि काम व घर एकत्र ठेवा एवढंच म्हणून भागत नाही हेही लिहिलं पाहिजे. १८ मे २०२५ ला पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली, वर राहणारं मालकाचं कुटुंब आणि कामगार असे आठ जण गेले, त्यात लहान मूल होतं. त्या दिवशी मामा लूमजवळ उभा राहून वरच्या खोलीकडं बघत होता बराच वेळ. सूत, रोवा म्हणजे सुताचा उडणारा भुगा, जुनी वायरिंग आणि बाहेर पडायला एकच जिना, हे आमच्याकडं पण तसंच. राहण्याच्या जागेपासून आगीची जागा वेगळी पाहिजे, पण चालत जाण्याइतकी जवळ पाहिजे, दुसरा जिना पाहिजे, मधे भिंत पाहिजे. हे सगळं मंजूर नकाशातच येऊ शकतं, "हॉल" लिहिलेल्या नकाशात फायरचा नियम लावणार कुठं. म्हणून मी म्हणतो की गल्लीतला कारखाना कागदावर आणणं हे त्याला सूट देण्यासाठी नाही, त्याला नियम लावता यावा यासाठी आहे. पिवळ्या आणि जांभळ्याच्या मधला एक पट्टा, ठराविक हॉर्सपॉवर, ठराविक लूम, रात्री बंद, फायरची सोय सक्तीची, आणि त्या कागदावर बँकेनं कर्ज द्यायचं.

सध्या कुठं आलंय

मी शेवटी दोन नकाशे काढले होते. एकावर "यंत्रमाग शेड", एकावर "हॉल". पहिला घेऊन मामाबरोबर महापालिकेत गेलो, तिथल्या माणसानं समजावून सांगितलं की असा प्रस्ताव पुढं जाणार नाही, रहिवासी करून आणा. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता, त्याच्या हातात तेवढंच होतं. दुसरा नकाशा भरला, शुल्क भरलं, २०२३ ला नियमित झाल्याचा दाखला मिळाला.

ऑगस्ट २०२५ मधे अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के टॅरिफ लावलं. ज्यांचं काम मामा करतो त्यांचा माल थेट अमेरिकेला कमी जातो, जास्त आखाताकडं, पण ज्यांचा जायचा ते सगळे आता आखातात भाव पाडायला आले, म्हणून दसऱ्याआधी जॉब बंद. सहातले दोन लूम आधीच २०२० ला गेले होते, राहिलेले चार पण थांबले. मामेभाऊ म्हणाला आता बास, घर बांधू. दाखला घेऊन बँकेत गेला, होमलोन पंधरा दिवसांत मंजूर झालं, वीस वर्षांचं, त्याच दोन गुंठ्यांवर. बँक तीच, २००३ ची. मामा सहीला गेला तेव्हा काही बोलला नाही, बाहेर येऊन चहा घेतला, दोन घेतले.

नवीन नकाशा पण मीच काढलाय. मार्जिन सोडून खाली पार्किंग, वर दोन मजले. मामानं मला पार्किंगची आतली रुंदी विचारली, खांब सोडून किती, उंची किती, थ्री फेज मीटर कुठं येईल. चार लूम बसतात म्हणाला. मी टेप लावून बघितलं, बसतात, जिन्याखाली कांडी मशीनला पण जागा निघते, फक्त दुसरा जिना मागच्या बाजूला घ्यावा लागेल. तो मी नकाशात घातलाय, शेजारी "सर्व्हिस" लिहून.